एकट्याचा डाव

आबा गेले त्याला येत्या चैत्रात दोन वर्षे होतील. त्यांच्या मागे त्यांचा सागवानी पट राहिला, लाकडी मोहऱ्यांची पेटी राहिली आणि खेळायला मी एकटी राहिले. आमच्या घरात बुद्धिबळ खेळणारे आम्ही दोघेच होतो. वडिलांना सवड नसते, पट मांडलेला दिसला की आता पाने कुठे घ्यायची असा आईला प्रश्न पडतो, आणि धाकट्या भावाला घोडा अडीच घरे का चालतो हेच मुळात मान्य नाही. आबा तरुणपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पाहायला जात आणि तिथले डाव वहीत उतरवून आणत. त्या वह्यांवरच मी खेळ शिकले. ते गेल्यावर काही दिवस पट माळ्यावर पडून होता. मग एके दिवशी मी मोबाइलमधल्या यंत्राशी खेळायला बसले.

ह्या यंत्राला पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर ते वजीर फुकट देऊन टाकते. शेवटच्या पायरीवर माझ्यासारखीला पंचवीस खेळ्यांच्या आत गुंडाळते. मधल्या पायऱ्यांचा प्रकार सर्वांत विचित्र. दहा खेळ्या उस्तादासारख्या खेळायच्या आणि अकराव्या खेळीला उगाचच हत्ती आणून हातात द्यायचा! असा जिंकलेला डाव मोबाइल बंद केल्यावर दोन मिनिटेही लक्षात राहत नाही. आबासुद्धा लहानपणी मला मुद्दाम जिंकू देत असावेत असा माझा जुना संशय आहे. पण तेव्हा मी घरभर नाचत असे, आणि आता नाचावेसे वाटत नाही. असे का व्हावे?

वसतिगृहातल्या माझ्या रूम पार्टनरची तक्रार वेगळ्या खेळाबद्दल आहे, पण तिचे मूळ तेच. ती रात्र-रात्र जागून सिव्हिलायझेशन नावाचा खेळ खेळते. १९९१ साली निघालेल्या ह्या खेळाच्या आजवर अनेक आवृत्त्या झाल्या आहेत. त्यात गावे वसवायची, शेती करायची, सैन्य उभारायचे, तह करायचे आणि मोडायचे. समोरची सारी राज्ये चालवणारा कॉम्प्युटर. तिचे म्हणणे असे की काठिण्य वाढवले म्हणजे समोरचा राजा काही शहाणा होत नाही; त्याचे काम तेवढे आपल्यापेक्षा भराभर उरकते आणि भांडवल जास्त मिळते. मूर्ख तो मूर्खच राहतो, फक्त श्रीमंत मूर्ख होतो. हे ती पहाटे तीन वाजता, खेळता खेळताच सांगते, हा भाग निराळा.

अशा मनःस्थितीत असताना तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी अ‍ॅलन ट्युरिंगचे नाव काढले. यंत्राला विचार करता येईल का, ह्या प्रश्नाशी जोडलेले ते नाव आपल्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदापुरते येते. पण सर बोलता बोलता सहज सांगून गेले की, ह्या माणसाने कॉम्प्युटर हाताशी नसतानाच कॉम्प्युटरचे बुद्धिबळ लिहिले आणि स्वतःच कॉम्प्युटर होऊन ते खेळून दाखवले. मी तास संपल्यावर ग्रंथालयात गेले. पुढचे दोन महिने मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत होते. त्यातून जो माणूस मला दिसला तो सांगावा म्हणून हा लेख.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण त्याच्या घराण्याचा दाणापाणी आपल्या देशातला. वडील ज्युलियस इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात नोकरीला होते. आज ओडिशात असलेल्या छत्रपूरला त्यांचे बिऱ्हाड होते. आई एथेल सारा हिचा जन्मच पोदनूरचा, आणि तिचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर. थोरला भाऊ जॉन कुन्नूरला जन्मला. अ‍ॅलनला मात्र इकडे आणले नाही. हिंदुस्थानची हवा मुलांना मानवत नाही अशी साहेबलोकांची समजूत असे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट लेनर्ड्स-ऑन-सी येथे एका निवृत्त कर्नलाच्या घरी दोघा भावांना ठेवले आणि आईबाप बोटीने ये-जा करीत राहिले. आपल्याकडे चाकरमान्यांची मुले आजोळी वाढतात, तसेच हे. फक्त हे घर आजोळ नव्हते, परक्याचे होते. हा मुलगा एकट्याने खेळायला तिथेच शिकला. शाळेत हॉकीचा सामना रंगात आला असताना हे चिरंजीव मैदानाच्या कडेला वाकून डेझीची फुले कशी वाढतात ते पाहत आहेत, असे एक चित्र त्याच्या आईने काढून ठेवले आहे.

१९२६ साली तेराव्या वर्षी तो शेरबोर्नच्या निवासी शाळेत निघाला, आणि नेमका त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये सार्वत्रिक संप झाला. आगगाड्या बंद. तेव्हा हा साउदॅम्प्टनहून सायकलवर टांग मारून साठ मैल एकटा गेला, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि शाळेत हजर झाला. शाळेला त्याचे कौतुक वाटले ते एवढ्यापुरतेच. पुढे अक्षर वाईट, लॅटिन कच्चे, शाई सगळीकडे सांडलेली, ह्यावरून मास्तरांची बोलणी खाण्यात त्याची वर्षे गेली.

मग त्याला ख्रिस्तोफर मॉर्कम भेटला. एक वर्ष पुढे असलेला, गणितात आणि विज्ञानात तसाच रमणारा मुलगा. आयुष्यात पहिल्यांदा ट्युरिंगला समोर बसायला कोणी मिळाले. दोघे तारे पाहत, प्रयोगांच्या गोष्टी करीत, एकमेकांना गणिते घालीत. ट्युरिंगचे त्याच्यावर प्रेम होते. ह्यापेक्षा आडवळणाने सांगण्याचे कारण मला दिसत नाही. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने वारला. ट्युरिंग अठरा वर्षांचाही नव्हता. पुढे कित्येक वर्षे तो ख्रिस्तोफरच्या आईला पत्रे लिहीत राहिला, त्यांच्या घरी जाऊन राहिला, आणि शरीर गेल्यावर मनाचे काय होते, मन कशाला तरी चिकटून राहू शकते का, ह्या विचाराने त्याला घेरले. यंत्र आणि मन ह्यांचा जो प्रश्न पुढे त्याच्या नावावर लागला त्याची सुरुवात कोणी तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोधतात. मला ती ह्या मृत्यूत दिसते. आबांच्या पटासमोर बसले की मला ती अधिकच स्पष्ट दिसते.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तो १९३१ साली गेला आणि बाविसाव्या वर्षी तिथला फेलो झाला. १९३६ साली त्याचा तो प्रसिद्ध निबंध आला. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही हे ठरवण्याची एखादी ठराविक, डोके न लढवता पार पाडण्याची रीत असू शकेल का, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. ट्युरिंगने उत्तर दिले की, अशी रीत असू शकत नाही. हे उत्तर त्याच सुमारास अमेरिकेत अलोन्झो चर्च ह्यांनीही वेगळ्या वाटेने काढले होते. पण ट्युरिंगची वाट पाहण्यासारखी आहे. त्या काळी कॉम्प्युटर हे यंत्राचे नाव नव्हते, आकडेमोड करण्यासाठी पगारावर ठेवलेल्या माणसाचे होते. ट्युरिंगने डोळ्यांसमोर असा एक कारकून आणला. त्याच्यापुढे चौकोनांची कागदी पट्टी आहे, हातात पेन्सिल आणि खोडरबर आहे, आणि एका वेळी एका चौकोनाकडे पाहून काय करायचे ह्याचे नियम ठरलेले आहेत. ह्या कारकुनाला जे करता येईल ते यंत्राला करता येईल, आणि नियमच पट्टीवर लिहून दिले तर एकच यंत्र वाटेल त्या यंत्राची नक्कल करील. आजचा प्रत्येक कॉम्प्युटर हा त्या कारकुनाचा वंशज आहे. गणित मला फारसे कळत नाही, पण ह्या कल्पनेच्या गाभ्याशी एक एकटा माणूस मेजावर कागद घेऊन बसलेला आहे, एवढे मला कळले.

प्रिन्स्टनला दोन वर्षे राहून आणि १९३८ साली डॉक्टरेट घेऊन तो परतला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि दुसऱ्या दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला हजर झाला. जर्मनांच्या एनिग्मा यंत्रातून निघणाऱ्या सांकेतिक संदेशांचा उलगडा करण्याचे गुप्त ठाणे तिथे होते. पोलंडच्या गणितज्ञांनी त्याआधीच एनिग्मा फोडण्यात मोठी मजल मारली होती आणि आपले सारे ज्ञान युद्धाच्या तोंडावर इंग्रजांच्या हवाली केले होते. हे श्रेय अलीकडच्या सिनेमांत हरवते, म्हणून मुद्दाम नोंदवते. एनिग्मातही आरमाराचा संकेत सर्वांत अवघड, त्यामुळे कोणी तिकडे फिरकत नव्हते. ट्युरिंगने तोच घेतला. कारण काय, तर दुसरे कोणी त्यावर काम करीत नसल्यामुळे तो त्याला एकट्याला मिळणार होता! अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या अन्नधान्याची जहाजे बुडवीत असताना हे त्याचे कारण. संकेत फुटले आणि जहाजांच्या वाटा बदलता आल्या, त्यात ट्युरिंगने आराखडा केलेल्या आणि गॉर्डन वेल्चमनने सुधारलेल्या बॉम्ब नावाच्या यंत्रांचा वाटा केवढा मोठा होता ते जगाला कळायला १९७० नंतरची वर्षे उजाडावी लागली.

ब्लेचलीत बुद्धिबळाचा मात्र सुकाळ होता. युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडचा संघ ब्वेनोस आयरेसला ऑलिंपियाड खेळत होता. त्यातले ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक हे तिघेही पुढे ब्लेचलीत दाखल झाले. अलेक्झांडर तर १९३८ सालचा ब्रिटिश विजेता. अशा मंडळींत ट्युरिंग पटावर बसे आणि हरत असे. गोलोम्बेक त्याला वजीर सोडून डाव देई आणि तरी जिंके; इतकेच नव्हे, ट्युरिंगने डाव सोडला की पट फिरवून ट्युरिंगच्याच बाजूने पुढे खेळे आणि तोही जिंके. विसाव्या शतकातल्या अव्वल बुद्धीच्या माणसांत ज्याची गणना होते तो बुद्धिबळात कच्चा होता, हे वाचून मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही.

हरला म्हणून त्याने खेळ सोडला नाही. आपल्या तोलामोलाचा गडी शोधला. डोनाल्ड मिची हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा तिथे कामाला होता, त्याचेही बुद्धिबळ यथातथाच. दोघे शुक्रवारी संध्याकाळी वूल्व्हर्टनच्या एका गुत्त्यात भेटत, डाव मांडत आणि यंत्राला असे खेळायला शिकवता येईल का ह्यावर बोलत बसत. युद्धाच्या त्या काळात चांगले मोहरे मिळणेही कठीण. ट्युरिंगने चिकणमाती आणली, मोहरे वळले आणि आपल्या खोलीतल्या कोळशाच्या शेगडीवर भाजले. ते ठिसूळ होते, पण खेळण्याजोगे होते. ब्लेचलीतली गणितज्ञ जोन क्लार्क रात्रपाळी संपवून आली की दोघे पेंगत पेंगत त्यावर खेळत. १९४१ साली त्यांचे लग्न ठरलेही होते. आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्याने तिला स्वच्छ सांगितले. तिला त्याचे फारसे काही वाटले नाही. पण काही महिन्यांनी त्यानेच ठरलेले लग्न मोडले. मैत्री टिकली.

त्याच्या चक्रमपणाच्या कथा पुष्कळ आहेत. चहाचा मग कोणी नेऊ नये म्हणून साखळीने रेडिएटरला बांधलेला, परागकणांचा त्रास टाळायला गॅसचा मुखवटा चढवून सायकल हाणलेली. जर्मन आले तर पैसा सुरक्षित राहावा म्हणून चांदीच्या लगडी रानात पुरल्या आणि युद्ध संपल्यावर त्या त्याला स्वतःलाच सापडल्या नाहीत. स्वतःचाच संकेत त्याला उलगडला नाही. ह्या गोष्टी गोड आहेत, पण त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

युद्धानंतर तो लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लागला आणि त्याने कॉम्प्युटरचा एक संपूर्ण आराखडा तयार केला. कामाची गाडी सरकारी गतीने चालली आणि तो कंटाळला. त्याच दिवसांत त्याला पळण्याचा नाद लागला. १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पुरी केली. बुद्धिबळातही त्याने पळणे घातले: आपली खेळी करायची आणि घराभोवती पळत सुटायचे, परत येईपर्यंत समोरच्याची खेळी झाली नसेल तर आपल्याला आणखी एक खेळी. पटावर कच्चा असलेल्या पण पाय पक्के असलेल्या माणसाने शोधावा असाच हा नियम आहे.

आता माझ्या लेखाचा खरा विषय. १९४८ च्या उन्हाळ्यात ट्युरिंग आणि त्याचा केंब्रिजचा मित्र, अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड चॅम्परनाउन ह्यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचे नियम कागदावर लिहिले. दोघांची नावे जोडून त्याला ट्युरोचँप म्हणतात. नियम असे. प्याद्याचा १ गुण, घोड्याचे ३, उंटाचे साडेतीन, हत्तीचे ५ आणि वजिराचे १०. आपली प्रत्येक शक्य खेळी घ्यायची, तिला समोरच्याचे प्रत्येक शक्य उत्तर घ्यायचे, आणि मारामारी चालू असेल तर ती थांबेपर्यंत पुढे पाहायचे. मग कोणाकडे किती गुण उरतात ते मोजायचे. हिशेब सारखाच आला तर पटावरची स्थिती तोलायची: कोणत्या मोहऱ्याला किती घरे मोकळी आहेत त्याचे वर्गमूळ, राजा किती उघडा आहे, किल्लेकोट करता येईल का, आणि प्यादे जेवढी घरे पुढे सरकले असेल त्या प्रत्येक घराला ०.२ गुण. सर्वांत जास्त बेरजेची खेळी खेळायची. बस्स. आजच्या मोबाइलमधले यंत्र शक्तीने कितीही पुढे गेले असले तरी खेळ्यांचे झाड पाहायचे आणि स्थितीला किंमत लावायची, हा त्याचा पाया इथेच आहे.

पण हे चालवायला यंत्र कुठे होते? नव्हते. तेव्हा ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. कागद, पेन्सिल आणि नियम घेऊन तो बसे, आणि एका खेळीचा हिशेब करायला अर्धा-अर्धा तास लागे. पुढे मँचेस्टर विद्यापीठात खराखुरा कॉम्प्युटर हाती आल्यावर त्याने हे नियम त्यावर चढवायला घेतले, पण ते काम पुरे झाले नाही. म्हणजे १९३६ च्या निबंधातला तो कारकून बारा वर्षांनी खुर्चीवर येऊन बसला आणि तो निघाला ट्युरिंगच. अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेनचा तुर्क नावाचा बुद्धिबळ खेळणारा बाहुला गाजला होता. त्याच्या पेटीत माणूस लपवलेला असे आणि लोकांना ते यंत्र वाटे. ट्युरिंगने हाच खेळ उलटा मांडला: माणूस समोर उघडा बसलेला आणि खेळणारे मात्र यंत्र.

त्याच वर्षी प्रयोगशाळेसाठी लिहिलेल्या एका अहवालात त्याने एक प्रयोग वर्णन केला आहे. बेताचे बुद्धिबळ खेळणारी दोन माणसे घ्यावी आणि तिसऱ्याने कागदी यंत्र चालवावे. एका खोलीत एक खेळाडू. दुसऱ्या खोलीतून कधी दुसरा खेळाडू, तर कधी कागदी यंत्र त्याला खेळी कळवणार. आपण कोणाशी खेळतो आहोत हे पहिल्याला सांगणे कठीण जाईल, असे त्याचे मत होते, आणि त्याने हे थोडेफार करूनही पाहिले होते. यंत्र विचार करते की नाही ठरवण्याची त्याची जी कसोटी १९५० च्या निबंधामुळे जगभर गाजली, आणि जी आपण परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो, तिचे हे पहिले रूप. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याला इथे बेताचे खेळाडू हवे होते. अलेक्झांडर किंवा गोलोम्बेक नको होते. यंत्राने जगज्जेत्याला हरवावे ही पुढच्या लोकांची हौस. १९९७ साली डीप ब्लूने कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात हरवून ती पुरवली. ट्युरिंगचा प्रश्न वेगळा होता. समोर कोणीतरी आहे असे वाटते का, हा तो प्रश्न. मोबाइलवर अकराव्या खेळीला हत्ती हातात आला की मला समोर कोणीच नाही असे वाटते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे हे मला हा अहवाल वाचून समजले.

१९५२ साली ट्युरोचँपचा एक डाव नोंदला गेला. समोर ॲलिक ग्लेनी हा मँचेस्टरचा तरुण सहकारी होता, तोही बेताचाच खेळाडू. यंत्राकडे पांढरे मोहरे. मी तो डाव आबांच्या पटावर लावून पाहिला. सुरुवात चांगली आहे. मग सातव्या आणि आठव्या खेळीला यंत्र दोन्ही कडांची प्यादी दोन-दोन घरे पुढे ढकलते. प्यादे सरकले की गुण मिळतात आणि मागच्या हत्तीला मोकळीक मिळते, त्याचाच हा परिणाम असावा. एकोणतिसाव्या खेळीला पांढरा वजीर हावरटासारखे एक प्यादे खातो आणि काळा हत्ती त्याला कोंडीत पकडतो. ट्युरिंगने यंत्राच्या वतीने डाव सोडला.

त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. त्याने पोलिसांत वर्दी दिली. चौकशीत एका तरुणाशी असलेले त्याचे संबंध उघड झाले, आणि त्याने ते नाकारलेही नाहीत. ज्या १८८५ च्या कायद्याखाली ऑस्कर वाइल्डला शिक्षा झाली होती त्याच कायद्याखाली ३१ मार्च १९५२ रोजी ट्युरिंग दोषी ठरला. तुरुंग किंवा वर्षभर स्त्री-संप्रेरकांची औषधे, असा पर्याय होता. त्याने औषधे पत्करली. सरकारी गुप्त कामाची दारे त्याला बंद झाली. ज्याने युद्धात देशाचा जीव वाचवायला हातभार लावला त्याने ते कोर्टात सांगायचीही सोय नव्हती, कारण ते गुपित होते. (आपल्याकडे इंग्रजांनी १८६० साली घालून दिलेले ह्याच जातीचे कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. तेव्हा फार नाक वर करायला नको.)

ह्या काळातही तो काम करीत होता. वाघाच्या अंगावर पट्टे कसे उमटत असतील ह्याचे गणित तो मांडत होता. बुद्धिबळाच्या नियमांवरचे त्याचे लिखाण आणि ग्लेनीबरोबरचा तो डाव १९५३ साली एका पुस्तकात छापून आला. ८ जून १९५४ रोजी घरकाम करणाऱ्या बाईला तो अंथरुणात मृतावस्थेत आढळला. आदल्या दिवशी केव्हातरी सायनाइडने प्राण गेला होता. शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. बेचाळीस पुरी व्हायला दोन आठवडे उरले होते. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. आईने तो शेवटपर्यंत मानला नाही, घरातल्या रासायनिक प्रयोगातला हा अपघात असेच ती म्हणत राहिली. पंतप्रधानांची क्षमायाचना २००९ साली आली, राणीची माफी २०१३ साली, आणि २०२१ साली ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा. माफी कोणी कोणाला करायची, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

२०१२ साली त्याची जन्मशताब्दी झाली तेव्हा बुद्धिबळाच्या प्रणाली करणाऱ्या लोकांनी ट्युरोचँप त्याच्या लिखित नियमांवरून पुन्हा उभा केला आणि मँचेस्टरला कास्पारोव्हशी खेळवला. कास्पारोव्हने सोळा खेळ्यांत डाव संपवला. त्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. ह्याच लोकांनी ग्लेनीचा जुना डाव त्या प्रणालीला घातला, तेव्हा काही ठिकाणी ती वेगळीच खेळी सुचवू लागली. नियम उतरवताना आपलीच चूक झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले. शेवटी असे मानावे लागले की चूक नियमांत नव्हती. अर्धा-अर्धा तास आकडेमोड करणारा तो मानवी यंत्रच मधून मधून नियम सोडून खेळला होता. कंटाळला असेल, किंवा कागदाची खेळी पाहून हे फारच वेडगळ दिसते असे वाटून त्याने हात आवरला असेल.

हे वाचल्यावर मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, माळ्यावरून पट काढला आणि ट्युरोचँपचे नियम एका कागदावर मराठीत उतरवले. भावाला समोर बसवले. त्याला स्पष्ट सांगितले की तू माझ्याशी नाही, ह्या कागदाशी खेळतो आहेस, मी नुसती हमाल. त्याला ते पसंत पडले, कारण कागद त्याला चिडवत नाही. पहिल्या तीन खेळ्यांना दुपार गेली. वर्गमुळे काढून काढून माझे बोट दुखू लागले. दुसऱ्या दिवशी आणखी चार झाल्या. तिसऱ्या दिवशी भाऊ स्वतःहून पट मांडून वाट पाहत बसला होता. घोडा अडीच घरे का चालतो हे त्याने विचारले नाही. दहाव्या खेळीला त्याने उंट उघडा टाकला. कागदाच्या हिशेबात तो उंट खाणे हीच सर्वांत जास्त गुणांची खेळी होती, साडेतीन गुणांची, त्यात दुमत होण्याजोगे काही नव्हते. मी बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. मग हत्ती एक घर बाजूला सरकवला आणि कागदावर काहीतरी आकडे लिहिले.

भावाने उंट वाचवला. नंतर त्याने कागद हातात घेऊन माझी बेरीज तपासायला सुरुवात केली.